तीन नंबरची टाकी

आमच्या टाकीघरात शिरायचं तर आधी नानांना हात हुंगू द्यावे लागत. मालक असो, लाइट दुरुस्त करायला आलेला वायरमन असो, नाहीतर पुण्याहून मोटारीने आलेले पाहुणे असोत, दारात लोखंडी स्टुलावर नाना बसलेले असायचे आणि म्हणायचे, "हात." आपण दोन्ही हात पुढे करायचे, ते वाकून नाक लावायचे आणि म्हणायचे, "जा," किंवा "नळावर जा." यापलीकडे तिथे बोलणं व्हायचं नाही.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीनदा नळावर पाठवलं. सकाळच्या घाईत डबा भरताना लिंबाचं लोणचं बोटांना लागलं होतं, ते साबणाने काही हटेना. तिसऱ्या खेपेला हात पास झाले तर नाना माझ्या डोक्याकडे बघायला लागले.

"केसाला काय लावलंस?"

"तेल. आवळ्याचं."

"मंग उद्या ये."

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, प्रयोगशाळा सांभाळायला आणि पाहुण्यांना फिरवून माहिती द्यायला मला पगारावर ठेवलेलं, आणि हे सातवी शिकलेले धोतरवाले गृहस्थ मला दारातून परत पाठवतात! घरी जाऊन मी शिकेकाईने दोनदा डोकं धुतलं आणि तांब्यागणिक त्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी शिकेकाईचा वास आला म्हणून पुन्हा दारात उभी राहिले, तो भाग वेगळा.

आमची वायनरी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. नेकनूरच्या अलीकडे माळावर आठ एकर द्राक्षं, पत्र्याची एक शेड, तिच्यात स्टीलच्या पाच टाक्या आणि बाहेर ओसरीवर पाहुण्यांना चव द्यायचं टेबल. मालक अण्णा मूळचे तलवाड्याचे, मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव. सगळं घर उसात असताना यांनी वाइनचं खूळ डोक्यात घेतलं. आसपासच्या गावांत आम्हाला 'सरबताचा कारखाना' म्हणत. माझी आई अजूनही सोयरिकीच्या बोलण्यात मी ज्यूसच्या कंपनीत आहे असंच सांगते, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाही.

नानांचं पूर्ण नाव रंगनाथ. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात ते तीस वर्षं पॅनमन होते. उसाचा रस आटवून ज्या मोठ्या कढईत साखरेचा दाणा धरतात तिला पॅन म्हणतात, आणि दाणा धरला की नाही हे ठरवणारा तो पॅनमन. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचा, काचेवर घ्यायचा, उजेडाला धरायचा, की झाला निकाल. तीस वर्षांत ती चोळायची सवय बोटांत कायमची बसली. नाना चहातली साखर चोळायचे, वेलीखालची माती चोळायचे, कुणी काही सांगत असेल तर नुसती हवा चोळायचे. बोटं थांबली की समजायचं, नानांचं मत झालं.

त्यांनी वाइन आयुष्यात गिळली नाही. तोंडात घ्यायचे, गालात फिरवायचे आणि चार हातांवरच्या मोरीत बरोबर जाळीवर टाकायचे. तीस वर्षांच्या तंबाखूने नेम पक्का केलेला. तंबाखू मात्र त्यांनी इथे आल्यावर एका दिवसात सोडली, कारण जिभेला आणि बोटांना वास राहतो. "बायकोनं तीस वर्सं सांगितलं तवा न्हाई सुटली," ते म्हणायचे, "टाकीनं न सांगता सुटली." त्या बायकोला हा वाइनचा कारखाना मुळीच पसंत नव्हता. संध्याकाळी घरी गेले की आधी न्हाणीत, मग चुलीपाशी, हा तिचा नियम. नाना तो निमूटपणे पाळायचे. सगळ्यांना नळावर पाठवणारा माणूस रोज घरच्या न्हाणीत पाठवला जात होता, याची मला फार मजा वाटायची.

टाक्यांना ते जनावरासारखं अंगाला हात लावून बघायचे. रस आंबायला लागला की टाकी तापते. त्यासाठी टाकीला मीटर बसवलेले होते आणि मी तासातासाला आकडे लिहायची. नाना मीटरकडे ढुंकून बघत नसत. उलटा पंजा टाकीला लावायचे आणि म्हणायचे, "दोन नंबरला कणकण हाय." मी जाऊन बघावं तर दोन नंबर खरोखर दीड अंशाने वर. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. दुसऱ्या वर्षी मी मीटर बघायच्या आधी गुपचूप उलटा पंजा लावून बघायला लागले.

मार्चमधली एक दुपार आठवते. माळावर ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, त्यात लाइट गेली, जनरेटर सुरूच होईना आणि टाक्यांना गारवा देणारं मशीन बंद पडलं. अण्णा फोनवर फोन लावत सुटले. मी वहीत आकडे लिहीत होते, म्हणजे रस कसा वाया चाललाय याची नीट नोंद ठेवत होते. नानांनी गोदामातून रिकामी गोणपाटं आणली, टाक्यांच्या कमरेला सुतळीने बांधली आणि वरून पाणी सोडलं. नळी एक आणि टाक्या पाच. मग त्यांनी मला आणि अण्णांना बादल्या धरायला लावल्या. मालकाला ते ओरडून म्हणाले, "अण्णा, फोन ठेवा अन् पानी वता!" चार तास आम्ही पाणी ओतलं. लाइट आली तेव्हा नाना धोतराचा सोगा पिळत उलट्या पंजाने एकेक टाकी बघत फिरले आणि म्हणाले, "उतरला ताप." त्या दिवसापासून अण्णा टाकीघरात नानांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. मीही गेले नाही.

टाकीघरात अगरबत्ती बंद, गजरा बंद, अत्तर बंद. खंडेनवमीला कुंकू लावायचं ते टाकीच्या पायाला, झाकणाला बोट लावायचं नाही. असा हा माणूस. म्हणून पुढचं सांगताना मला अजून अवघड जातं.

गेल्याच्या गेल्या वर्षी तीन नंबरच्या टाकीने आम्हाला फार छळलं होतं. रस मध्येच अडला, धड गोड नाही न् धड वाइन नाही असा बसून राहिला. नानांच्या ते मनाला लागलं होतं. पुढच्या हंगामाचा पहिला रस निघाला त्या दिवशी अण्णांच्या आईने बाहेर ओट्यावर पूजा मांडली. सगळे आरतीला जमले. माझी वही आत राहिली होती म्हणून मी मागच्या दाराने टाकीघरात शिरले, तर नाना शिडीवर. एका हातात पूजेतली चांदीची वाटी, दुसऱ्या हाताने तीन नंबरचं झाकण सरकवलेलं. त्यांनी चमचाभर पंचामृत रसात सोडलं, चमचा कपाळाला लावला, झाकण बंद केलं. खाली उतरताना मी दिसले.

"बघितलंस?"

तोपर्यंत मी त्यांना कधी खालच्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"तिकडं कारखान्यात पैल्या पॅनला आमी दरसाल टाकायचो," ते म्हणाले. "तीस वर्सं. कदी दाणा चुकला न्हाई."

मी वही उचलली आणि आरतीला जाऊन टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या वाजवताना लक्षात आलं, तिकडे पॅनमध्ये सगळं उकळतं. चमचाभर दही पडलं काय न् पातेलंभर पडलं काय, त्यातलं जिवंत काही उरत नाही. इकडे आम्ही काहीच उकळत नाही. उलट रस गार ठेवायला जिवाचा आटापिटा करतो. हे तेव्हाच आत जाऊन सांगितलं असतं तर निदान वरचा रस लगेच काढून टाकता आला असता. पण नानांना मी कशी सांगणार? आणि एका चमच्याने काय होतंय, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

तीन आठवड्यांनी तीन नंबरला वास आला. वाईट नव्हे. ताक घुसळल्यावर रवीला लोणी येतं ना, तसा. मी हुंगलं आणि पेला तसाच नानांपुढे धरला. नानांनी पेला नाकाला लावला, गालात फिरवलं, मोरीत टाकलं आणि बराच वेळ बोटं चोळत राहिले. ती थांबेचनात.

"मास्तरीण," ते म्हणाले. पाहुण्यांना शिकवते म्हणून ते मला मास्तरीण म्हणत. "ह्ये त्याचंच हाय?"

"सांगता येत नाही, नाना. आपोआपही होतं कधीकधी."

हे खोटं नव्हतं. असा वास आपोआपही येतो, काही ठिकाणी मुद्दाम आणतात. एका चमच्यानेच तो आला असेल, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पण आला नसेल, हेही सांगू शकत नाही.

"अण्णाला सांगावं लागंल," नाना म्हणाले. मग दाराशी स्टुलावर जाऊन बसले. "सांगितलं तर ह्ये टाकीघर गेलं माझं. मंग घरी बसून काय भिंती हुंगू का?"

त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. सगळा उन्हाळा आम्ही दोघे तीन नंबरच्या पुढून एकमेकांकडे न बघता जात होतो.

पावसाळ्यात अण्णा एक दिवस उड्या मारतच आले. पुण्याच्या एका हॉटेलातले साहेब येणार होते, बरोबर चव सांगणाऱ्या एक मॅडम. त्यांना पांढरी वाइन हवी होती, आवडली तर सगळी टाकी नेणार होते. पांढरी म्हणजे आमची तीन नंबर. "नाना, तुमी ओसरीवर माझ्या शेजारी उभं रहायचं," अण्णा म्हणाले. "ज्यानं केली त्याला बघू द्या त्यांना." नाना नळावर हात धुवायला गेले.

पाहुणे आले. नानांनी त्यांचेही हात हुंगले, आणि मॅडमना बहुतेक ते फार आवडलं, कारण त्यांनी हसत हसत दोनदा हात धुतले. मी नेहमीप्रमाणे सगळं दाखवलं, ही चाळणी, हा दाबयंत्राचा पिंजरा, ह्या टाक्या. तीन नंबरपाशी मी खोकल्याचं सोंग केलं आणि पुढे सरकले. मग ओसरीवर पेले भरले. अण्णांनी स्वच्छ चादर अंथरलेली, बिस्किटांची ताटली मधोमध.

मॅडमनी पेला फिरवला, नाक घातलं आणि डोळे मिटले. अण्णांनी बिस्किटांची ताटली उगाच सरळ केली.

"लोणी!" मॅडम म्हणाल्या. "अहो, काय सुंदर वास आहे. एवढ्या छोट्या जागी हे कसं साधलं तुम्ही? लाकडी पिंपात ठेवली होती का?"

"आमची आपली एक खास पद्धत आहे," अण्णांनी ठोकून दिलं. काय करणार बिचारे, त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, "मग सगळीच घेऊ. आणि पुढच्या वर्षी अशीच हवी."

झालं होतं काम. मी बिस्किटाला हात घातला. तेवढ्यात मॅडमनी मान वळवली आणि नानांकडे बघून विचारलं, "बाबा, तुम्ही करता ना? मग सांगा ना, काय करता?"

नानांच्या हातात पेला नव्हता, तरी बोटं चोळत होती. ती थांबली.

"पंचामृत टाकलं, बाई," नाना म्हणाले. "पैल्या दिवशी. चमचाभर. माझी चूक हाय ती. आमच्या मालकाला ठाव न्हाई."

साहेबांना आधी हसू आलं. मग कुणीच हसत नाही असं बघून ते गप्प झाले. मॅडमनी पेला खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, उलट फार हळू बोलल्या. दूध असेल तर लेबलवर लिहावं लागतं, काही लोकांना ते चालत नाही, आणि जी गोष्ट चुकून झाली ती पुढच्या वर्षी कशी देणार? हॉटेलला असं घेता येणार नाही. चहा घेऊन ते निघाले. जाताना मॅडमनी नानांना वाकून नमस्कार केला, त्याने तर अण्णांचं डोकं आणखीच फिरलं.

मोटार फाटकाबाहेर गेली तसे अण्णा वळले.

"नाना, कावून बोललात?"

"त्या बाईनं इचारलं."

"अन् मला कावून नाही सांगितलं? चार महिने?"

"तुमी इचारलं न्हाई," नाना म्हणाले, आणि लगेच मान खाली घातली. "न्हाई, ते बी चुकलंच. सांगायला पायजे व्हतं."

"तेव्हा तिथं कोण होतं?"

माझ्या हातातलं बिस्किट मोडलं.

"कुनी न्हाई," नाना म्हणाले. "समदी आरतीला गेलती. मी एकलाच."

ते माझ्याकडे बघणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्यांनी खरोखर बघितलं नाही. मी ताटलीतला चुरा गोळा करत बसले. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मला भीती वाटली. नोकरीची वाटली, अण्णांच्या आवाजाची वाटली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपण भित्रे आहोत हे उघडं पडण्याची वाटली.

"उद्यापासून टाकीघरात यायचं नाही," अण्णा म्हणाले.

नानांनी त्याच दुपारी तीन नंबरचा कॉक स्वतःच्या हाताने उघडला आणि सगळी वाइन मोरीत सोडून दिली. दोन दिवस सगळ्या माळावर लोण्याचा वास येत होता. टाकी त्यांनी तीनदा धुतली, वाकून आत नाक घातलं, चौथ्यांदा धुतली. मग दारातलं स्टूल उलटं करून भिंतीला लावलं आणि नेकनूरची गाडी धरायला गेले. पुढे कळलं, ते बायकोला घेऊन माजलगावला लेकीकडे राहायला गेले.

दारात कुणीतरी बसायला हवं, म्हणून अण्णांनी मला बसवलं. मीच आता लोकांचे हात हुंगायला लागले.

यंदाच्या हंगामात रविवारी पाहुण्यांना फिरवायचं सुरू केलं. बीडहून बरीच मंडळी येतात. एका रविवारी आठ-दहा जणांच्या घोळक्यात मागे इस्त्रीचं धोतर दिसलं. नाना. रीतसर नाव सांगून, पाहुण्यांच्या रांगेत. त्यांचा नंबर आला तसे दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे केले आणि समोर भिंतीकडे बघत उभे राहिले. मला वाकावं लागलं. हातांना कपडे धुवायच्या साबणाचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

"जा," मी म्हणाले.

मी सांगत गेले, चाळणी, पिंजरा, टाक्या. अर्धं बोलणं नानांचंच होतं, आणि नाना ते माझ्या तोंडून ऐकत मागे उभे होते. अण्णाही दाराशी येऊन थांबले होते. त्यांनी नानांना बघितलं होतं, पण 'या' म्हटलं नव्हतं. तीन नंबरपाशी एका बाईंनी विचारलं, "कधी एखादी टाकी बिघडली का हो तुमची?"

हा प्रश्न मला दर रविवारी येतो. दर रविवारी मी म्हणते, नाही, आम्ही फार काळजी घेतो.

"हीच बिघडली होती," मी म्हणाले. "आमच्या नानांनी श्रद्धेने चमचाभर पंचामृत टाकलं होतं. टाकताना मी पाहिलं होतं. यातलं शास्त्र मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्याच वेळी बोलले असते तर रस वाचला असता. मी बोलले नाही. नंतर मालकांनी विचारलं तेव्हाही बोलले नाही."

पाहुण्यांना यात काय एवढं, असं वाटलं असणार. एकाने टाकीचा फोटो काढला. अण्णा दारातून हलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर खाली घातली नाही. मग मंडळी पुढच्या टाकीकडे सरकली आणि नाना माझ्याजवळ आले.

"कावून बोललीस?" ते पुटपुटले. "सुटली व्हतीस की."

"त्या बाईंनी विचारलं, नाना."

त्यांनी अंगठा आणि बोट एकदा चोळलं. दुपारपासून लाइट नव्हती आणि टाकीघर तापलेलं होतं. मी पाहुण्यांच्या गडबडीत आकडे घ्यायची विसरले होते. नानांनी उजवा हात उचलला, अण्णांकडे बघितलं, मग उलटा पंजा तीन नंबरला लावला.

"कणकण हाय," ते म्हणाले. "पानी सोडा."

मी नळीकडे वळले, पण अण्णा आधीच पोचले होते. त्यांनी गोणपाट टाकीला गुंडाळलं, सुतळी आवळली आणि पाण्याचा नळ उघडला. पाणी वरून झिरपत नानांच्या मनगटापर्यंत आलं, धोतराची इस्त्री भिजली, तरी त्यांनी हात काढला नाही. अण्णा नळी धरून त्यांच्या शेजारी उभे होते. मी पाहुण्यांना ओसरीवर नेलं आणि पेले भरायला घेतले.